उड्या कधी शिकवणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दादरला आमचा बॅलेचा क्लास सुटला की दाराशी चपला शोधता शोधता कुणीतरी पालक विचारतातच, "ताई, इतके महिने नुसतं गुडघे वाकवणं चाललंय. उड्या कधी शिकवणार?" मुलीने मोबाइलवर कुणाला तरी हवेत पाय ताणून झेपावताना पाहिलेलं असतं आणि तिला तेच हवं असतं. मलाही तिला ते द्यायचंय.

माझं उत्तर असं, की उडी सुरू झालेली आहे. गुडघे वाकवणं, आमच्याकडचं प्लिये, हाच उडीचा पहिला भाग आणि शेवटचाही. वर जायची ताकद तिथून मिळते आणि खाली येतानाचा दणकाही तिथेच जिरतो. मधला, सगळ्यांना दिसणारा भाग फार थोडका. २० सेंटिमीटर उंच उडी घेतली तर शरीर हवेत जेमतेम ०.४ सेकंद असतं. तेवढ्यात गुडघे ताठ, पावलं ताणलेली, पाठ सरळ, हात जागेवर. हे सगळं वर गेल्यावर आठवायला सवड कुठली? ते आधीच, बार म्हणजे सरावाचा आडवा दांडा धरून, अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

उतरण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. आधी बोटं टेकतात, मग चवडा, मग टाच, आणि तोवर गुडघे वाकायला लागलेले असतात. गुडघा पावलाच्या दिशेनेच वाकला पाहिजे, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत. बऱ्याच मुलींचे गुडघे उतरताना आत झुकतात. उभं राहून ते नीट दिसत नाही, म्हणून मी खाली बसून बघते. दुसरी खोड टाच अधांतरी ठेवण्याची. पुढच्या उडीची घाई असते, टाच टेकत नाही, पोटरी आखडलेलीच राहते आणि मग पाय दुखायला लागतात. उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि साधारण ८ ते १४ या वयात टाचेचं हाड अजून वाढत असतं. टाच किंवा नडगी दुखते म्हणणाऱ्या मुलीला "होईल सवय" म्हणून उडवत ठेवणं मला अजिबात मान्य नाही. उड्या बंद करायच्या आणि डॉक्टरांना दाखवायचं.

कधी कधी मी संगीत बंद करते, पंखेही बंद करते आणि मुलींकडे पाठ करून उभी राहते. त्या आठ मोजत जागच्या जागी उड्या मारतात आणि मी फक्त ऐकते. 'धप्प' झालं की टाच एकदम आपटली. बारीक 'सर्र' असा आवाज आला की पाऊल बोटांपासून टाचेपर्यंत उलगडत टेकलं. दुसऱ्या खेपेला त्या स्वतःच कान देऊ लागतात, आणि मला एक शब्दही बोलावा लागत नाही.

आपल्या मुंबईत यात अजून एक अडचण असते, लादीची. नाचासाठीची खरी जमीन लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर बसवलेली असते, म्हणून ती दणक्याबरोबर किंचित लवते. आपले क्लास चालतात शाळांच्या, सोसायट्यांच्या हॉलमध्ये, जिथे स्लॅबवरच लादी बसवलेली असते. ती काही लवत नाही. वर फोमच्या जाड चटया घालून भागत नाही, कारण मऊ चटईत पाऊल रुततं आणि घोटा मुरगळतो. अशा लादीवर उड्या थोड्याच घ्याव्यात, आणि दमट हवेने ती ओलसर झाली असेल त्या दिवशी घेऊच नयेत. क्लास निवडताना तुम्ही फी विचारता, वेळ विचारता. जमीनही विचारा.

बाकी उड्यांचं गणित मुलींना ओळखीचंच असतं. बॅलेत पायांच्या हिशेबाने पाच प्रकार आहेत. दोन पायांवरून दोन पायांवर, म्हणजे सोते. एका पायावरून त्याच पायावर, ही आपली लंगडीच. एका पायावरून दुसऱ्यावर, म्हणजे जेते. रस्त्यातलं डबकं आपण तसंच ओलांडतो. दोनांवरून एकावर सिसोन आणि एकावरून दोनांवर असांब्ले, या दोन्ही खडूने चौकोन आखून ठिकरी खेळताना होऊन जातात. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातली उत्प्लवनं, म्हणजे उड्यांचे प्रकार, ठाऊक असतात. तीही पाचच आहेत: अलग, कर्तरी, अश्व, मोटित, कृपालग. विभागणी वेगळी, पण गुडघ्यांची तयारी तिथेही चुकत नाही.

तर कधी? आधी बारकडे तोंड करून, दोन्ही हात बारवर ठेवून सोते. टाचा टेकतात, गुडघे आत येत नाहीत, आवाज होत नाही, हे जमलं की बार सोडायचा. मग हवेत पायांची अदलाबदल, ती शांजमाँ. जेते त्यानंतर. मोबाइलवरची मोठी झेप याच्याही बरीच पुढे. कुणाला यात एक पावसाळा जातो, कुणाला जास्त, आणि मी घाई करत नाही.

घरी सराव हवाच असेल तर लॉबीतल्या मार्बलवर उड्या नकोत. कठडा धरून एका पायावर टाच सावकाश उचलायची आणि त्याहून सावकाश खाली आणायची, मग दुसऱ्या पायावर. आईबाबांनीही बरोबर करायला हरकत नाही.