आजीची मोजणी

१२ जानेवारी

आज रिक्षा चार हुतात्मा चौकातून आली. पुतळ्यांना ताजे हार होते. आईनं नेहमीसारखे हात जोडले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१ च्या याच तारखेला येरवड्यात फाशी गेलेले.

आमच्या घरात त्या दिवसांची अजून एक आठवण आहे, ती कुठे लिहिलेली नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला, १२ तारखेला मार्शल लॉ लागला, माणसं बोचकी बांधून गावाबाहेर पडली. त्या धांदलीत एक विणकर बाई आपली पाचेक वर्षांची मुलगी चाळीतल्या शेजारणीपाशी ठेवून गेली. दोन दिवसांत येते म्हणाली. आली नाही. ती मुलगी म्हणजे माझी आजी.

शेजारीण मराठी, तिचा नवरा जुन्या मिलमध्ये कामाला. त्यांनी आजीला आपल्या पोरांत वाढवलं, नवीन नाव दिलं, वडाळ्याला लग्न करून दिलं. आजी स्वतः या विषयावर कधी बोलली नाही. फक्त भाकरी मोजताना पुटपुटायची, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू, आरू, एडू... आणि तिथून पुढे आठ, नऊ, दहा. तेलुगू सातपर्यंतच. लहानपणी मला ते गाणंच वाटायचं. पण सोलापुरात तेलुगू आकडे कुणाला येत नाहीत? याला पुरावा म्हणता येत नाही.

आजीचं मूळ शोधायला आज डीएनए तपासणीसाठी आईची लाळ घेतली. माझी दिली असती तर आजीचा त्यात साधारण चौथा हिस्सा, आईत तो बरोबर निम्मा. म्हणून घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाची तपासणी आधी करायची, आणि उशीर करायचा नाही. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही म्हटल्यावर आईचं तोंड कोरडं पडलं. गाल बाहेरून चोळत, चिंचेची आठवण काढत, पाऊण तासात ती एवढीशी नळी भरली. दुसरी नळी वडाळ्याच्या मामांची, म्हणजे आईच्या सख्ख्या चुलतभावाची. त्यांचं काम वेगळं आहे. आईचा एखादा नातलग सापडला आणि तो मामांशीही जुळला, तर तो आजोबांच्या बाजूचा. जुळला नाही, तर आजीच्या.

२ मार्च

अहवाल आले. आईनं आधी टक्केवारीचा रंगीत नकाशा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. जवळजवळ सगळं "दक्षिण आशिया". त्यात ना गाव, ना पेठ. आईकडून लेकीकडे जाणारा जो वेगळा धागा असतो, मायटोकाँड्रियाचा, तो निघाला एम गटाचा. निम्म्याहून जास्त भारतीयांचा तोच. म्हणजे तिथंही दार बंद.

खरं काम नातलगांच्या यादीत, म्हणजे ज्यांचा डीएनए आपल्याशी जुळतो त्यांच्या यादीत असतं. आपल्याकडची माणसं त्या यादीत फार थोडी, असतात ती बहुतेक परदेशी गेलेल्यांची मुलं. वडाळ्याचे मामा आईशी ८९० सेंटिमॉर्गन जुळले; सेंटिमॉर्गन म्हणजे जुळणारा डीएनए मोजायचं माप, आकडा मोठा तर नातं जवळचं. सख्ख्या चुलतभावंडांचं तेवढंच असतं, तो धागा पक्का. आणि त्यांच्या खाली टेक्सासमधली एक तरुण बाई. तेलुगू आडनाव. २१२ सेंटिमॉर्गन. मामांशी शून्य.

माझे हात थरथरत होते. तरी आईला लगेच सांगितलं नाही.

५ मार्च

तीन रात्री वाचत बसले. आकड्याला लगेच भुलायचं नाही, हे आपल्या समाजात फार सांभाळावं लागतं. पिढ्यानपिढ्या जातीतल्या जातीत लग्नं, त्यात तेलुगू-कानडी घरांत मामा-भाचीची, आपल्यात मामाच्या मुलीशी. त्यामुळे लांबची माणसंही दहा वाटांनी एकमेकांची लागतात आणि बेरीज फुगते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं होतं, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले लोक एकमेकांत मिसळत होते आणि मग ते थांबलं. २०१७ च्या अभ्यासात तर २६३ समूह तपासले, त्यातले ८१ असे निघाले, की त्यांचं मूळ थोड्याच पूर्वजांत असल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. कुणी कुणाशी लग्न करायचं नाही याचा एवढा जुना हिशेब, आणि तो आईच्या लाळेत.

म्हणून बेरीज सोडून तुकडे बघायचे. सात-आठ सेंटिमॉर्गनचे बारके तुकडे पुष्कळ असतील तर ते जुनं, जातीचं नातं. मोठा सलग तुकडा असेल तर नातं जवळचं, कारण दर पिढीत तो मोडत जातो. आई आणि त्या बाईत ९ तुकडे, सगळ्यात मोठा ५१ चा. बारके सगळे वजा केले तरी दीडशेच्या वर उरतात. आजीच्या भावाची किंवा बहिणीची पणती असेल तर आकडा दोनशेच्या आसपास येतो.

त्या बाईला निरोप पाठवला. त्यात आजीची गोष्ट घातली नाही. "आमची मुळं सोलापूरची, तुमची कुठली?" एवढंच. त्यांच्या घरात ही गोष्ट कुणाला माहीत असेल-नसेल, ती अशी दारात नेऊन टाकायची नाही, असं मला मनापासून वाटलं.

१६ मार्च

अकरा दिवसांनी उत्तर. "माझे आजोबा सोलापूरलाच असतात, दाजी पेठेत. तुम्ही?"

दाजी पेठ! आमच्या जुळे सोलापुरातून रिक्षानं पाऊण तास नाही लागत. आई वर्षानुवर्षं नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ बघायला पूर्व भागात जाते. कितीदा ती त्या माणसासमोरून गेली असेल.

२० एप्रिल

आज चाळीतले मामा आले. आजीला वाढवलं त्या घरातले, आईचे मामेभाऊ. मी त्यांना हे आधी सांगायला हवं होतं. ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं, ही माझी चूक, आणि ती मला फार लागली आहे. चहा तसाच ठेवून म्हणाले, "मग आम्ही कोण ओ, ताई? चाळीतले शेजारी?"

आई काही बोलली नाही. पिशवीत दोन लुगडी भरली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेली. चार दिवस राहून आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

नारळी पौर्णिमा

अखेर आज दाजी पेठेत, टेक्सासच्या त्या बाईच्या आजोबांकडे गेलो. आई, मी आणि चाळीतले मामा. आईनंच त्यांना बरोबर घेतलं.

घरात पूर्वी माग होता ती खोली आता रिकामी. आजोबा ऐंशीच्या पुढचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मराठी आपल्यासारखंच सोलापुरी. आईनं मार्शल लॉची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, त्यांच्या घरात हे असं नाही सांगत. वडिलांना एक धाकटी बहीण होती, ती लहानपणी तापानं गेली, एवढंच. कुठे ठेवल्याचं, परत आणायला गेल्याचं, काही नाही.

दोन गोष्टी जुळत नाहीत. मला वाटतं, परत येऊन शोधलं असेल आणि सापडली नसेल, किंवा येणं झालंच नसेल आणि पोरांना तसं सांगवलं नसेल. त्या आईला दोष द्यायला माझं मन होत नाही.

त्या मुलीचं नाव अण्णांना ठाऊक होतं, कारण तेच नाव त्यांच्या थोरल्या बहिणीला ठेवलेलं. त्यांनी ते सांगितलं. आई दोनदा पुटपुटली. मग तिनं आजीची मोजणी म्हणून दाखवली, सातपर्यंत, आणि आठवर आली.

"एनिमिदी," अण्णा म्हणाले. "तोम्मिदी. पदी."

परतताना रथाच्या गर्दीत रिक्षा अडकली. आईनं विचारलं, आता पितृपक्षात आईचं नाव कुठलं घ्यायचं. चाळीतले मामा बाहेर बघत म्हणाले, "आमच्या आजीनं ठेवलेलं आधी. मग ते घ्या."

अण्णांनी लाळ दिली आहे. त्यांना पुरावा नको होता, आईसाठी दिली. सख्खे मामेभाऊ असतील तर साडेआठशेच्या आसपास आकडा यायला हवा. नळी टेबलावर आहे, उद्या पाठवायची.