आठशे ग्रॅमसाठी रेनकोट घालून पळणारी पोरगी

मागच्या उन्हाळ्यातल्या जिल्हा निवड चाचणीबद्दल लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं होतं. आता परत चाचण्या जवळ आल्यात आणि पोरं परत वजन उतरवायला भर उन्हात रेनकोट घालून पळताना दिसायला लागलीत, म्हणून आज लिहायलाच बसलो.

मी ज्युदो शिकवतो, सोलापुरात, पूर्वभागात. माझ्याकडची बरीचशी पोरं विडी आणि यंत्रमाग कामगारांची. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि मॅटवर हाजिमे, माते, म्हणजे सुरू करा, थांबा. त्यातलीच ही एक नववीतली पोरगी, नाव लिहीत नाही. चपळ एवढी की समोरचीला ग्रिप मिळायच्या आत ही तिच्या पोटाखाली शिरलेली असायची आणि पाठीवर घेऊन टाकलेलं असायचं. आधीच्या वर्षी 44 किलोखालच्या गटात खेळली होती. पण वाढत्या वयाची पोर, वजन वाढणारच ना.

आमच्याकडे जिल्ह्याला वजन त्याच दिवशी सकाळी घेतात. मी मॅट टाकायला म्हणून लवकर पोचलो, उजाडलं होतं नुकतंच, तर हॉलमागच्या मैदानावर ही पळतेय. अंगात स्वेटर, त्यावर शाळेचा रेनकोट, चेन गळ्यापर्यंत लावलेली. एप्रिल महिना, सोलापूर, सहा वाजता पण हवा गरमच. थांबवली. चेन उघडली तर बाहीतून घामाचं पाणी अक्षरशः धार लागून खाली आलं. ओठ पांढरे पडलेले, चिरलेले. हातात एक रिकामी बाटली होती, म्हटलं चला पाणी तरी पितेय, तर त्यात थुंकी. तोंडात चिंचेची गोळी ठेवायची म्हणजे तोंडाला पाणी सुटतं आणि ते थुंकत राहायचं, तेवढेच ग्रॅम कमी. कुठल्या तरी स्पर्धेत भेटलेल्या मोठ्या मुलींनी तिला हे शिकवलं होतं. आदल्या दुपारपासून पोटात पाण्याचा घोट नाही.

माझ्या बॅगेतल्या काट्यावर उभी केली, 44.8. म्हणजे एवढं सगळं करून अजून आठशे ग्रॅम जास्तच. मला म्हणते, सर अजून दीड तास आहे, होतंय.

मला हे सगळं माहितीय कारण मी स्वतः ह्यातनं गेलोय. मी तालमीतनं ज्युदोत आलो, 60 किलोत खेळायचो, आणि तेव्हाच्या माझ्या कोचनी एकदा मला घोंगड्यात गुंडाळून बंद खोलीत बसवलं होतं. वजनात बसलो. पहिल्या फाइटला हाताची बोटंच मिटेनात, गोळे आलेले, समोरच्याची कॉलर धरायची कशी? मिनिटभरात पाठीवर आडवा. पुढं पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा कोर्स केला तेव्हा कळलं की शरीराच्या वजनाच्या 2 टक्के पाणी गेलं तरी दम कमी पडायला लागतो. 44 किलोच्या पोरीचे 2 टक्के म्हणजे जेमतेम नऊशे ग्रॅम. ही तर तेवढं घालवून बसलीच होती आणि वर अजून आठशे घालवायला निघाली होती. रक्तातलं पाणी कमी झालं की हृदयाला जास्त पळावं लागतं, घाम सुटायला पाणीच उरत नाही, अंग आतून तापत जातं, आणि रेनकोटनी तर थंड व्हायची वाटच बंद केलेली. 1997 ला अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांच्या अंतरानं असंच वजन उतरवताना गेले, त्यानंतर तिथं रबरी सूटवर बंदी आली. आमच्याच खेळातला कोरियाचा चुंग से-हून 1996 ला अटलांटा ऑलिम्पिकच्या तोंडावर असाच गेला. ही सगळी मोठी, तयार माणसं होती ओ, ही चौदा वर्षांची पोर.

मी रेनकोट काढायला लावला आणि सांगितलं, तू 48 मध्ये खेळणार. ती रडायला लागली. तेवढ्यात तिची आई पायऱ्यांवरनं उठून आली. त्या दिवशीच्या विड्या बुडवून आली होती बाई, आणि हजार विड्या बुडाल्या म्हणजे त्या घरात काय होतं ते मला माहितीय. म्हणाली, "काय करलालाव सर तुम्ही? 48 ला मोठमोठ्या पोरी असतात. राज्याला गेली तर दहावीला मार्क मिळतील, पुढं पोलीस भरतीला सर्टिफिकेट लागतंय. एवढंसं पाणीच तर कमी करायचंय." तिचं काही चूक नव्हतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि ते अशा घरातल्या आयांना तोंडपाठ असतं. विनेश फोगटचं पण तिनंच काढलं, शंभर ग्रॅमनी मेडल गेलं ना सर तिचं, म्हणून तर पोरगी पळतेय. मी म्हटलं ताई, विनेश पण रात्रभर हेच करत होती, आणि शेवटी सलाईन लावावं लागलं तिला.

पटेना. मग मी टक्केवारी वगैरे सोडली आणि विचारलं, पान भिजवल्याशिवाय विडी वळता का? ती गप्प झाली. मग स्वतःच म्हणाली, "वाळकं पान फुटतंय." पोरीच्या ओठांकडं बघितलं आणि पिशवीतनं पाण्याची बाटली काढून तिनंच पुढं केली.

एकदम ढसाढसा पिऊ दिलं नाही, घोट घोट, लिंबू-मीठ-साखर घातलेलं. मग केळं, मग दोन इडल्या. वजन सुरू व्हायच्या आधी गट बदलून घेता येत होता, तो घेतला. काट्यावर 45.6 भरली.

पहिली फाइट बार्शीकडच्या मुलीशी, अंगानं हिच्या दीडपट वाटावी अशी. हिनं तिला खाली घेतलं आणि मानेत हात घालून दाबून धरली. 20 सेकंद धरलं की इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण, फाइट तिथंच जिंकली. मी बाजूला खुर्चीवर बसून मनात आकडे मोजतोय आणि पंधराच्या पुढं ती बार्शीची पोर असली उसळायला लागली की वाटलं सुटलीच, पण हिनं पाय पसरून वजन टाकलं आणि बझर वाजला. आई जाळीला धरून ओरडत होती, तेलुगूत.

फायनल पंढरपूरच्या मुलीशी. डावखुरी, जबरदस्त ग्रिप. गोल्डन स्कोअरपर्यंत, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेपर्यंत खेचली आणि वाझा-आरीवर, म्हणजे अर्ध्या गुणावर हरली. राज्याला एकच नाव जाणार होतं, हिचं गेलं नाही. आणि वाईट ह्याचं वाटलं की 44 मध्ये जी जिंकली तिला हिनं आधीच्या वर्षी सहज टाकलं होतं. ते तिच्या आईनं पण बघितलं. घरी जाताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या एका कोचचा संध्याकाळी फोन, हातचं मेडल घालवलंस म्हणून. मी सांगितलं, उद्या परत तसंच झालं तरी मी परत तेच करणार. माझं आजही तेच म्हणणं आहे.

महिनाभर पोरगी आली नाही. मग एक दिवस आईच घेऊन आली आणि म्हणाली, हिला काय काय खाऊ घालायचं ते लिहून द्या. लिहून दिलं, महाग काही नाही, ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगा, अंडी, आणि पाणी पिण्यात कुचराई नाही. तेव्हापासून सगळ्यांचंच वजन दर महिन्याला वहीत लिहितो आणि दोन किलोची चढउतार दिसली की आधी घरच्यांना बोलावतो.

चाचणी पुढच्या महिन्यात आहे. पोरगी आता 47 च्या आसपास आहे, नाव 48 मध्येच घातलंय, आणि एका डावखुऱ्या मोठ्या पोराला समोर उभं करून पंढरपूरवालीची ती डावी ग्रिप तोडायची प्रॅक्टिस रोज चाललीय.