आगोटीच्या यादीत नसलेली दोरी

मे महिना अर्धा सरला की आईच्या डोक्यातली यादी तिच्या तोंडी येते. तांदूळ भरले का, मीठ आणलं का, सोडे-बोंबलांना ऊन दाखवलं का, लाकडं पडवीत घेतली का, समुद्राच्या अंगाला झापं कधी बांधणार. आमच्याकडे, श्रीवर्धनच्या बाजूला, पावसाळ्याआधीच्या या बेगमीला आगोट भरणं म्हणतात. मुंबईचा मामेभाऊ याला 'आपत्ती व्यवस्थापन' म्हणतो. आईला वाटतं, तो सरकारी नोकरीबद्दल बोलतोय.

2020 साली आमची आगोट दृष्ट लागण्यासारखी होती. टाळेबंदीच्या धास्तीने तांदळाची दोन पोती जास्तच आली होती. आणि 3 जूनला, मृगाला चार दिवस उरले असताना, दुपारी निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. पोफळ मोडताना फटाका फुटल्यासारखा आवाज येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पहिल्या तासात मोजत होतो, मग सोडून दिलं. संध्याकाळी वारा पडला तेव्हा अर्धी कौलं अंगणात होती आणि विजेचे खांब वाडीत आडवे झाले होते.

तरी त्या रात्री आमच्या घरात दिवे होते! इन्व्हर्टर. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे कागदावर अठराशे वॉट-तास. मी शेजाऱ्यांना मोठ्या मनाने फोन चार्जिंगला लावू दिले. टॉवरच पडलेला असल्याने त्या फोनांचा उपयोग टॉर्चपुरताच होता, हा भाग वेगळा. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडला आणि गप्प झाला. मग आईने माळ्यावरचा कंदील काढला. काच शाबूत होती, वात होती. रॉकेल मात्र नव्हतं. रेशनवर मिळायचं बंद होऊन किती दिवस झाले, ते कुणालाच आठवेना. शेवटी समईत गोडंतेल घातलं.

उजेडावाचून निभतं. पाण्यावाचून नाही.

आमच्या परसात विहीर आहे. जूनमध्येसुद्धा पुरुषभर पाणी. वादळाच्या चार वर्षं आधी मी तिच्यावर स्लॅब टाकून घेतला होता: पाचोळा पडत नाही, पोरं वाकत नाहीत, वर कपडे वाळत घालता येतात. पंपाचा पाइप जाण्यापुरतं हातभर भोक ठेवलं होतं. आता पंप बंद. इन्व्हर्टर चालू असता तरी त्याने एक अश्वशक्तीचा पंप ओढला नसता. चालू होताना तो साडेसातशे वॉटच्या कितीतरी पट मागतो. खाली पाणी दिसत होतं आणि त्या भोकातून कळशी जात नव्हती. गेला तो तांब्या. कपड्यांची नायलॉनची दोरी त्याच्या गळ्याला बांधली. तांब्यात अर्धा लिटर मावतं, कळशीत पंधरा. एका कळशीला तीस खेपा, हे गणित मी हाताला फोड येईपर्यंत केलं. आई ओट्यावरून एवढंच म्हणाली, "स्लॅब छान झालाय हो."

आणि रहाट? तो मी एका दूरच्या भावाला दिला होता. त्याने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि त्याला 'जुनं काहीतरी' हवं होतं. पाचव्या दिवशी पडलेली झाडं ओलांडत गेलो. त्याचे पत्रे उडाले होते, माड लोळत होते आणि मधोमध आमचा रहाट उभा, निळा रंगवलेला, वर मनीप्लांट. तो म्हणाला, "घेऊन जा दादा, पण रंग खरवडू नकोस, महाग होता."

पुढे एक जण टेम्पोत जनरेटर घालून वाडीवाडीत फिरू लागला. टाकी भरायचे तासावर पैसे, फोन चार्जिंगचे वीस रुपये, सगळे रोख. घरात रोख किती असते ते तेव्हा कळलं. एटीएमला कुठली लाईट. शेजारच्या काकांचं इन्सुलिन काकूंनी माठात माठ ठेवून, मधल्या ओल्या वाळूच्या भरवशावर थंड राखलं. फ्रिज तर बंद दारानेही चार तासांच्या पुढे टिकत नाही.

आमच्याकडे लाईट आली अठ्ठाविसाव्या दिवशी. वायरमन खांबावरून उतरला तेव्हा त्याला चहा देताना आईचे डोळे भरले होते; पण तिने लगेच फ्रिज उघडून नाक दाबलं, त्यामुळे नक्की कशाने ते सांगता येत नाही.

स्लॅबला आता माणूस उतरेल एवढं झाकणदार तोंड पाडलंय आणि वर निळा रहाट आहे. आगोटीच्या यादीत आईच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, टॉर्चचे सेल, पाण्यात टाकायच्या टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पुडी, सुट्ट्या नोटा आणि चार्ज केलेली पॉवर बँक असते. पॉवर बँक दर पंधरा दिवसांनी बघायची असते, मी विसरतो. 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं, आमच्या किनाऱ्यापासून लांबून गेलं, तरी आईने आदल्या रात्री सगळी भांडी भरून ठेवली होती, पातेली, घंगाळं, अगदी पिठाचा रिकामा डबासुद्धा.

काल विचारत होती, "दोरी काथ्याची आणलीस ना? नायलॉनची ओल्या हातात सरकते." मी नायलॉनचीच आणली होती. आज बदलून आणायला निघालोय.