बेचाळिशीत पहिला पिक्चर

अ‍ॅलन रिकमन आपल्याकडं सगळ्यांना माहितीय तो हॅरी पॉटरचा स्नेप म्हणून, पण माणसाची खरी गंमत त्याच्या आधीच आहे बघा. १९४६ चा जन्म, लंडनचा, शिकला ग्राफिक डिझाइन, मित्रांसोबत स्वतःचा स्टुडिओ काढला, चांगलं चाललेलं सोडून २६ व्या वर्षी राडा या नाट्यशाळेत शिकायला गेला, आणि तिथं असताना खर्चासाठी मोठ्या नटांचे कपडे सांभाळायचं काम पण केलं! आमच्या सोलापुरात असं केलं असतं तर घरच्यांनी "येडा झालास का बे" म्हणून सोडलं नसतं. (आपला अतुल कुलकर्णी इथंच नाटकं करत एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या नाट्यशाळेत गेला, ते वेगळं.)

मग रॉयल शेक्सपिअर कंपनी ही नाटक कंपनी, तिथल्या १९८५ च्या नाटकात व्हालमाँचा रोल, तेच नाटक घेऊन न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, टोनी या नाटकांच्या पुरस्काराचं नॉमिनेशन, आणि तिथून थेट १९८८ चा डाय हार्ड. पहिलाच पिक्चर तो, वय ४२! हीरो ब्रूस विलिस, पण मला लक्षात राहतो तो सुटातला व्हिलन रिकमनच, आवाज न चढवता धमकी देणारा. डबिंगमध्ये बघू नका राव, अर्धा नट तर आवाजातच आहे.

जानेवारी २०१६ मध्ये गेला, कॅन्सरनं, वय ६९. ऑस्करचं साधं नॉमिनेशनसुद्धा कधी मिळालं नाही, हे मला अजून पटत नाही.