वारशाने आलेल्या घड्याळांसाठी घड्याळजी शोधताना

आजोबांच्या मागे त्यांची तीन घड्याळे माझ्याकडे आली: चावीचे एक ओमेगा, पांढऱ्या एनॅमलच्या तबकडीचे एक खिशातले घड्याळ आणि अंधारात चमकण्यासाठी आकड्यांवर रंग भरलेले एक मनगटी घड्याळ. तिन्ही दीर्घकाळ बंद होती. ती चालू करून देणारे पुष्कळ जण भेटतात, पण त्यांचे जुनेपण न बिघडवता ती चालू करणारा कारागीर शोधावा लागतो. त्या शोधात मी जवळच्या आणि दूरच्या अनेक दुकानांत गेले. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

निघण्यापूर्वीची तयारी महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या घड्याळाला चावी देऊन पाहण्याचा मोह आवरावा, कारण आतले तेल वाळून चिकट झालेले असते आणि तशा स्थितीत चाके फिरली की त्यांच्या आसांची बारीक टोके झिजतात. मागचे झाकणही घरी उघडू नये. प्रत्येक घड्याळाचे समोरून, मागून आणि चावीच्या बाजूने स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे काटे, चावी किंवा काच बदलली गेली तर ते नंतर दाखवता येते. प्रवासात प्रत्येक घड्याळ वेगळ्या मऊ कापडात गुंडाळून कडक डबीत ठेवावे आणि चुंबक असलेल्या मोबाइल कव्हरपासून व स्पीकरपासून लांब ठेवावे. हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बेसुमार पुढे पळू लागते.

पहिले दुकान मोठे आणि झगमगीत होते, पण तिथे घड्याळ घेणारा माणूस वेगळा आणि उघडणारा वेगळा होता. काम बाहेर कोणाकडे जाते हे काउंटरवर कोणालाही सांगता येईना. त्यांनी केसला (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला) पॉलिश करून तबकडी नव्याने रंगवून देण्याची तयारी दाखवली, आणि खिशातल्या घड्याळाचे मूळ मशीन काढून त्या जागी बॅटरीचे बसवावे असेही सुचवले. तिन्ही गोष्टींना मी नकार दिला. पॉलिशने केसच्या कडा कायमच्या गोल होतात व कोरलेली अक्षरे पुसट होतात, आणि तबकडीवरची मूळ छपाई एकदा गेली की ती परत आणता येत नाही. वारशाच्या घड्याळाला न विचारता चकाकी देऊ पाहणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ सरळ मनाचे होते. मशीन न सोडवता धुऊन, तेल घालून संध्याकाळी घड्याळ परत देतो, असे त्यांनी सांगितले. पण याला सर्व्हिसिंग म्हणता येत नाही. पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये मशीनचा प्रत्येक भाग सुटा केला जातो, मेनस्प्रिंगचा (चावी दिल्यावर शक्ती साठवणाऱ्या स्प्रिंगचा) डबा उघडला जातो, माणकांची (आसांची टोके ज्यांत फिरतात त्या खड्यांची) छिद्रे साफ केली जातात आणि मग जागेनुसार वेगवेगळे वंगण दिले जाते: मेनस्प्रिंगला दाट, बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) टोकांना अत्यंत पातळ, पॅलेटच्या (चाकांना एकेक टप्पा पुढे सोडणाऱ्या भागाच्या) माणकांना आणखी वेगळे. जुनी घाण तशीच ठेवून वरून सोडलेले तेल तिच्यात मिसळते आणि झीज वाढवणारा लेप तयार होतो.

ज्यांच्याकडे अखेर काम दिले, त्यांनी घड्याळ हातात घेण्याआधी प्रश्न विचारले: शेवटचे कधी उघडले होते, ते कोणी वापरायचे, ते रोज घालायचे आहे की जपून ठेवायचे. मग माझ्यासमोर ओमेगाचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा त्यांनी भिंगातून दाखवल्या. पूर्वी सर्व्हिसिंग करणारे कारागीर अशा खुणा करून ठेवत, आणि आजोबांनी हे घड्याळ किती निगुतीने सांभाळले होते हे मला त्यांवरून प्रथमच कळले. आत ३० मिलिमीटरचे मशीन निघाले. ओमेगाने ही मालिका १९३९ मध्ये आणली आणि ती मोठ्या संख्येने बनली, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून शोधता येतात. घड्याळ टायमिंग मशीनवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवण्याआधी त्यांनी त्या यंत्रातला लिफ्ट अँगल (पॅलेटच्या संपर्कात असताना बॅलन्स जितका फिरतो तो कोन) बदलला. हे यंत्र सहसा ५२ अंश गृहीत धरते. जुन्या मशीनचा कोन वेगळा असला तर बॅलन्सच्या झोक्याचा आकडा चुकीचा दिसतो. हा बदल करणारा माणूस जुन्या घड्याळांत मुरलेला आहे, असे समजायला हरकत नाही. पूर्ण चावी दिलेल्या आणि तबकडी वर करून ठेवलेल्या निरोगी घड्याळाचा झोका साधारणपणे २७० अंशांच्या आसपास असतो. आमच्या ओमेगाचा २०० च्याही खाली होता.

खिशातल्या घड्याळाच्या बॅलन्सचा आस मोडलेला होता. इन्काब्लॉकसारखी धक्का झेलणारी व्यवस्था १९३० च्या दशकानंतर हळूहळू रूढ झाली. त्याआधीचे घड्याळ हातातून पडले की बहुधा हाच आस मोडतो. तयार आस मिळाला नाही तर लेथवर नवा बनवता येतो, पण हे काम सगळ्यांना जमत नाही, म्हणून ते स्वतः करणार की दुसऱ्याकडे पाठवणार हे नक्की विचारावे.

तिसरे घड्याळ उघडायला त्यांनी नकार दिला, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथे पक्का झाला. त्याच्या आकड्यांवरचा रंग रेडियमचा असण्याची शक्यता त्यांनी सांगितली. १९६० च्या दशकापर्यंत असा रंग वापरात होता. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असते. चमक देणारा पदार्थ लवकर निकामी होतो, म्हणून अंधारात न चमकणारी तबकडीही किरणोत्सर्गी असू शकते. खरा धोका असतो तो सुटलेल्या रंगाची धूळ श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचा. असे घड्याळ त्यासाठी वेगळी सोय असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

पावतीवर मशीनचा क्रमांक, घड्याळाची सध्याची अवस्था, कामाचा तपशील, अंदाजे खर्च आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. खर्च वाढणार असेल तर आधी कळवावे, बदललेले जुने भाग परत द्यावेत आणि पॉलिश करू नये, या तीन अटीही त्यावरच लिहाव्यात. खरा कारागीर यावर नाराज होत नाही. घड्याळे एकापेक्षा जास्त असतील तर सगळी एकदम न देता, ज्याचे सुटे भाग सहज मिळतात असे एक आधी द्यावे आणि त्याचे काम पाहून दुसऱ्याचा निर्णय घ्यावा.

ओमेगा परत घेताना घड्याळ वेगवेगळ्या स्थितींत ठेवून मोजलेल्या चालीच्या नोंदी आणि जुनी मेनस्प्रिंग माझ्या हाती आली. घरी आणल्यावर रोज ठरावीक वेळी चावी द्यावी, किती सेकंदांचा फरक पडतो ते लिहून ठेवावे आणि फरक वाढत असल्यास हमीच्या मुदतीतच घड्याळ परत न्यावे. झाकणावर जलरोधक असे लिहिलेले असले तरी इतक्या जुन्या घड्याळाला पाणी लागू देऊ नये. खिशातले घड्याळ अद्याप त्यांच्याकडेच आहे. आस घडवायला वेळ लागेल असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते, त्यामुळे मी घाई केलेली नाही.