कॉर्बिन्स कोव्हचे दगड : पोर्ट ब्लेअरला जाणार असाल तर

डिसेंबरात आईला घेऊन अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेल तिच्यासाठी आणि कॉर्बिन्स कोव्ह माझ्यासाठी, असं घरातूनच ठरवून निघालो होतो. पोर्ट ब्लेअरचं (2024 पासून नाव श्री विजयपुरम) हे बीच शहरापासून सातेक किलोमीटरवर आहे, रिक्षा सहज मिळते. सगळे तिथे जेट स्की करायला जातात, मी मात्र किनाऱ्याच्या कडेचे खडक बघायला गेलो आणि पहिल्याच दिवशी फसलो कारण भरती होती, निम्मे खडक पाण्याखाली. तेव्हा आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी जास्त मागे हटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. आई म्हणाली, "दगड बघायला एवढ्या लांब? आपल्या सह्याद्रीत काय दगडांची कमी आहे?" अगं पण सह्याद्री म्हणजे लाव्हा, आणि हे सगळं समुद्राच्या तळाशी साचलेलं. तिरके उभे राहिलेले सँडस्टोन (वाळूचा दगड) आणि शेल (चिखलाचा दगड) यांचे थर, एकाआड एक, शेल झिजून खाचा पडल्यात आणि सँडस्टोन फासळ्यांसारखा वर आलाय. यालाच अंदमान फ्लिश म्हणतात, वय साधारण 3 कोटी वर्षं.

एकेक थर म्हणजे एकेक लोंढा. समुद्रातल्या उतारावरची वाळू-चिखल सुटते, पाण्यात मिसळून गढूळ होते आणि जड झाल्यामुळे तळाला धरून सुसाट पळते, हा टर्बिडिटी करंट. वेग उतरला की आधी जाड वाळू बसते, मग बारीक, शेवटी गाळ. बाटलीत माती-पाणी हलवून ठेवा, तेच दिसेल. खाली जाड वाळू, मग सरळ रेघा, मग छोट्या लाटा, परत बारीक रेघा आणि वर चिखल, हा पाच भागांचा क्रम बाऊमा या भूवैज्ञानिकाने 1962 मध्ये मांडला, पण पाचही एका थरात सापडतीलच असं नाही, मला तर तीनच सापडले. थराच्या खालच्या अंगाला नक्की बघा, पळीसारखे फुगवटे असतात, फुगीर टोक जिकडे तिकडून प्रवाह आला. मी वाकून फोटो काढत होतो तर आई विचारते, "काही हरवलं का रे?"

डेब्रिस फ्लोचं, म्हणजे धोंडे-चिखलाच्या घट्ट लोंढ्याचं, वेगळं असतं. त्यात जाड-बारीक अशी निवड होत नाही, चिखलातच मोठे धोंडे आणि बारीक खडे कसेही रुतून राहतात. माळीणला 30 जुलै 2014 ला डोंगर चिखल होऊन आला त्या फोटोत धोंडे-माती एकजीव दिसते ना, तसं. स्लंपमध्ये, म्हणजे उतारावरचा थरांचा गठ्ठाच घसरतो तेव्हा, थर पूर्ण विस्कटत नाहीत, घडी पडून सरकतात. (1929 च्या, कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स भूकंपानंतर अटलांटिकमधल्या समुद्राखालच्या केबल एकापाठोपाठ एक तुटत गेल्या, तो मात्र टर्बिडिटी करंटचाच लोंढा.)

पायात ग्रिप असलेले बूट घाला, शेवाळावरून मी एकदा आपटलोय. मगरींची सूचना लावली असेल तर पाण्यात उतरू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरंच असतात तिथे. हातोडी नेऊ नका, शिंपले-प्रवाळ उचलू नका. डिसेंबरात पाचच्या आसपासच सूर्य मावळतो, म्हणून सकाळचीच ओहोटी धरा. फोटोत आकार कळावा म्हणून शेजारी नाणं ठेवा, पण ते उचलायला विसरू नका, आईचं पाच रुपयांचं तिथेच राहिलंय.