ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकची दुरुस्ती : माझा अनुभव

आमच्या पिकअपमागे जोडायचा दोन चाकी ट्रेलर मी भंगारात निघालेल्या एका परदेशी जनरेटरच्या सांगाड्यावर सावद्याला बांधून घेतला. त्याच्या आसाला विजेचे ब्रेक होते आणि ते चांगले चालतही होते. यंदा मात्र मका भरून पालहून रावेरकडे उतरताना ट्रेलर गाडीला मागून ढकलू लागला. पुढचे ब्रेक दाबून दाबून तापले आणि सातपुड्याचा तो उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये कसाबसा संपवला.

ट्रेलरच्या ब्रेकला किती वीज जाईल ते ठरवणाऱ्या, केबिनमधल्या कंट्रोलरवर जोर वाढवून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. एका गॅरेजमध्ये कंट्रोलरच बदलायला सांगितले गेले. तो खर्च करण्याआधी मी पाणबुडी मोटारी बांधून देणाऱ्या आमच्या ओळखीच्या आप्पांकडे गेलो, कारण या ब्रेकचे मर्म शेवटी तांब्याच्या गुंडाळीतच आहे. प्रवाह मिळाला की चाकातला विद्युतचुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतो, ड्रमबरोबर ओढला जातो आणि त्याला जोडलेला दांडा ब्रेक शू बाहेर ढकलतो. त्यामुळे प्रवाह कमी झाला की पकडही तेवढीच ढिली पडते. उभ्या ट्रेलरमध्ये चुंबकाचा आवाज ऐकू आला, म्हणजे ब्रेक ठीक आहे, असे म्हणता येत नाही.

आप्पांनी आधी प्लग काढून सॉकेटवर मीटर लावला, तेव्हा तो १२.४ व्होल्ट दाखवू लागला आणि मला हायसे वाटले. पण ते म्हणाले, "भाऊ, भार नसताना एका तारेच्या धाग्यावरूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं." मग प्लग जोडून, कंट्रोलरचा हाताने चालवायचा दांडा पूर्ण सरकवून चाकाजवळ मोजले, तर जेमतेम ७.६ व्होल्ट निघाले. मीटर मालिकेत जोडून पाहिलेला प्रवाह ३.८ अँपिअर होता. आमच्या प्रत्येक चुंबकाचा रोध सुमारे ४ ओहम असल्याने दोन्ही मिळून जवळजवळ ६ अँपिअर जायला हवे होते. कंट्रोलर निर्दोष होता आणि वीज वाटेतच हरवत होती.

शोध घेता जवळपास निम्मी घट परतीच्या वाटेवर सापडली. वेगळी अर्थची तार नव्हतीच. प्रवाह गंजलेल्या हुकातून आणि रंगवलेल्या सांगाड्यातून परतत होता. उरलेली घट आसाजवळच्या, नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडांत होती, कारण आमच्या काळ्या मातीचा चिखल तिथे सतत उडत राहतो. आम्ही ४ चौरस मिलिमीटरची नवी तार टाकली, बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थ नेली आणि जोड झाळून बंद केले. त्यानंतर चाकाजवळ ११.८ व्होल्ट आणि ५.९ अँपिअर मिळाले.

तरीही समाधान झाले नाही. रिकाम्या फेरीनंतर उजवा ड्रम चांगलाच तापला होता, डावा मात्र जेमतेम कोमट होता. डावा ड्रम उघडताच कारण दिसले. आखाजीच्या सुमारास बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना मी जुनेच ऑइल सील परत बसवले होते. त्यातून झिरपलेले ग्रीस शूच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तरात मुरले होते. असे लायनर रॉकेलने धुऊन पुन्हा वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण आत मुरलेले ग्रीस ड्रम तापला की पुन्हा वर येते. मी दोन्ही चाकांचे शू बदलले, डाव्या बाजूला नवे सील घातले आणि चुंबकाचा पृष्ठभाग सरळ पट्टी लावून सपाट असल्याची खात्री केली.

मग जॅकवर चाक उचलून, शू आणि ड्रममधले अंतर कमी-जास्त करणारी आतली दातेरी चकती चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत आवळली आणि किंचित घासत फिरेल इतपत सैल केली. नवे शू ड्रमला नीट बसावेत म्हणून सपाट रस्त्यावर मधे थांबत वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक लावला आणि त्यानंतरच पालहून भरलेला ट्रेलर उतरवला. या वेळी ढकल जाणवली नाही, दोन्ही ड्रम सारखेच तापले. तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा चाके उचलून पाहिली, तेव्हा शू थोडे घासून बसले होते, म्हणून चकती दोन्हीकडे आणखी तीन-चार दाते आवळली.